कधी लागतो, कधी लागत नाही

जुन्या गाडीची दुखणी दोन प्रकारची असतात. एक प्रकार सरळ असतो. बॅटरी उतरली की गाडी सुरू होत नाही, टायर फुटला की चाक बसते, आणि रस्त्याने जाणाऱ्या लहान मुलालाही कळते की काय बिघडले आहे. दुसरा प्रकार मात्र फार त्रासाचा. दोष असतो, पण बोलावल्यावर येत नाही. गॅरेजच्या दारात गाडी उभी केली की ती शहाण्या मुलासारखी वागते, आणि आपण घरी परतलो की पुन्हा आपला गुण दाखवते. हा दुसऱ्या प्रकारचा दोष जेव्हा ब्रेकमध्ये शिरतो, तेव्हा तो केवळ मिस्त्रीचा विषय राहत नाही. गाडीत कोणाला बसवावे, कोणाला नाही म्हणावे आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हे प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतात. अशा एका ब्रेकचा शोध आम्ही दोन वर्षांमागे एका हिवाळ्यात घेतला. त्याची हकिकत वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे सांगत आहोत.

प्रथम मुलखाची ओळख करून द्यायला हवी. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला सालेकसा तालुका आहे. पूर्वी हा सारा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. मुंबई-हावडा लोहमार्गावर दरेकसा हे लहानसे स्टेशन लागते, आणि त्याच्या आसपास डोंगररांग सुरू होते. या रांगेत कचारगडच्या नैसर्गिक गुहा आहेत. गोंदिया शहरापासून हे ठिकाण सुमारे ५५ किलोमीटर पडते. पलीकडे छत्तीसगडची हद्द आणि डोंगरगड. अलीकडे धानाची बांधी, बोड्या, मोहाची झाडे आणि मधूनमधून दाट होत जाणारे रान.

कचारगड हे गोंड बांधवांचे अत्यंत श्रद्धेचे स्थान होय. काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनी त्यांची मुक्तता घडवून आणली, अशी गोंडी परंपरेतील कथा आहे. गोंडी भाषा व संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी या परंपरेविषयी विस्ताराने लिहिले. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा राज्यांतून लोक येतात, धनेगावला उतरतात आणि तेथून पुढे गुहेकडे चढतात. आमची उपकेंद्रे याच परिसरात विखुरलेली असल्याने यात्रेच्या दिवसांत शेजारधर्म म्हणून धर्मग्रामाची गाडीही कामाला लागते. वृद्ध आजी-आजोबांना धनेगावपर्यंत पोहोचवणे, एखादा आजारी असल्यास परत आणणे, एवढेच आमचे काम.

ही गाडी २००४ सालची, जीपच्या घडणीची. पुढच्या चाकांना डिस्क, मागच्या चाकांना ड्रम, ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर, आणि दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून मिळते. त्याप्रमाणे २०१९ साली ती तपासणीतून पार पडली होती. रविवारची मिस्सा, गावभेटी, दवाखाना, बाजार आणि प्रसंगी लग्नाचे वऱ्हाड, अशी सारी कामे तिने निभावली होती.

डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या चालकाने पहिल्यांदा तक्रार सांगितली. तरुण, कमी बोलणारा मुलगा. सकाळी बसथांब्याजवळ गाडी हळू करत असताना पेडल पायाखालून सावकाश खाली गेले. पुन्हा जोरात दाबले तेव्हा ब्रेक लागला. पाच दिवसांनी रेल्वे फाटकापाशी तेच घडले. फाटक बंद होते, गाडी रांगेत उभी होती, पाय पेडलवर होता आणि गाडी हळूहळू पुढच्या बैलगाडीकडे सरकू लागली. त्याने हँडब्रेक ओढला. त्याच संध्याकाळी तो आमच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, “फादर, मी लोकांना बसवून ही गाडी आता नाही चालवत जी.”

त्या दिवसापासून गाडीत प्रवासी बसवणे बंद केले. निर्णय सोपा होता. त्याचे ओझे मात्र दुसऱ्यांवर पडले. एका कुटुंबातील सुनेला सातवा महिना होता आणि तिला तपासणीसाठी गोंदियाला न्यावे लागे. तिची सासू आमच्याकडे आली. “फादर, गाडी तर रोज अंगणात सुरू होते, मग आमच्याच वेळी कशी बिघडते?” असे तिने विचारले. तिच्या प्रश्नात राग होता, आणि तो रास्तही होता. पुढच्या तपासण्यांसाठी १०२ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची सोय लावून दिली. शेजारच्या टोल्यावरची एक वृद्ध गोंड आजी, जी दरवर्षी कचारगडाला जाते, तिनेही निरोप धाडला की यंदा गुडघे फार दुखतात, गाडी मिळेल ना? तिला होय म्हणणे शक्य नव्हते आणि नाही म्हणणे जिवावर येत होते. माघ पौर्णिमा २४ फेब्रुवारीला होती. हाताशी दोन महिने होते.

गाडी तालुक्याच्या गावी गॅरेजात गेली. मिस्त्री साठीच्या घरातले, हाताला नावाजलेले. त्यांनी चारही चाके उघडली, मागचे लायनर बदलले, ब्रेकची हवा काढली, स्वतः चालवून पाहिली. पेडल दगडासारखे घट्ट. “काहीच नाही जी फादर, झकास आहे,” असे ते म्हणाले. गाडी परत आली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणातच पेडल पुन्हा खाली गेले. दुसऱ्या खेपेस त्यांनी बूस्टर तपासला. तोही चांगला निघाला. तेव्हा गॅरेजमधल्या एका पोराने हसत म्हटले की दोष गाडीत नसून पायात असावा.

हे वाक्य गावात आमच्या आधी पोहोचले. धर्मग्रामाच्या बैठकीत एका सभासदांनी सुचवले की चालक बदलून पाहावा. दुसऱ्यांनी भर घातली की हिवाळ्यात पहाटे उठण्याचा कंटाळा हेच खरे दुखणे असेल. तो मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. एका पेडलचा प्रश्न आता एका माणसाच्या अब्रूचा प्रश्न झाला होता. आम्ही बैठकीला एवढेच सांगितले की निर्णय मतांवरून न होता नोंदींवरून होऊ द्या. दुसऱ्याच दिवशी एक शंभरपानी वही गाडीत ठेवली.

येथे ब्रेकची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो आणि बंद नळ्यांतील ब्रेक ऑइलवर दाब येतो. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालने मांडला. सेमिनरीत आम्हांला पास्काल भेटला तो तत्त्वचिंतक म्हणून. पण द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, प्रसिद्ध झाला, आणि आज जगातील बहुतेक मोटारी त्याच नियमावर थांबतात. चारही चाकांना द्रवाचे ब्रेक असलेली मोटार अमेरिकेत ड्यूझेनबर्ग कंपनीने १९२१ साली बाजारात आणली. त्यापूर्वी सळया आणि तारा ओढून ब्रेक लावीत.

या रचनेत दाब नाहीसा होण्याच्या वाटा मोजक्या आहेत. ऑइल बाहेर गळत असेल, तर भांड्यातील पातळी उतरते. नळीत हवा शिरली असेल, तर पेडल लोण्यासारखे मऊ लागते आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येते, कारण हवा दबते आणि द्रव दबत नाही. ऑइलने ओलावा शोषला असेल आणि लांब उतारावर ब्रेक तापले असतील, तर ते ऑइल उकळून त्याची वाफ होते आणि पेडल अचानक पोकळ होते. डॉट ३ जातीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ओलावा मुरलेल्या त्याच ऑइलची मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ असे आहेत. शेवटची वाट म्हणजे मास्टर सिलिंडरच्या आतच ऑइलने दट्ट्याच्या रबरी कपाला वळसा घालून मागे परतणे. यात एक थेंबही बाहेर पडत नाही, भांड्यातील पातळी उतरत नाही, जमीन कोरडीच राहते.

गावातील बहुतेकांचे मत घाटाकडे होते. ब्रेक जायचा तर दरेकसाच्या उतारावरच जाणार, असा सर्वांचा ग्रह. तो अगदी निराधार नव्हता. ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या आपण घाटांतल्याच वाचतो. पण ग्रह हा पुरावा नव्हे. तर्कशास्त्राच्या तासाला आमच्या प्राध्यापकांनी जॉन स्टुअर्ट मिलच्या रीती घोटवून घेतल्या होत्या. १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात मिलने कारण शोधण्याच्या काही रीती सांगितल्या. जेव्हा जेव्हा घटना घडते, तेव्हा तेव्हा कोणती गोष्ट समान असते, ते पाहावे. ही अन्वयाची रीत. दोन प्रसंग सर्वस्वी सारखे असून एकातच घटना घडली, तर त्या दोहोंत वेगळे काय होते, ते पाहावे. ही व्यतिरेकाची रीत. एक गोष्ट कमीजास्त होताना दुसरीही कमीजास्त होते का, ते पाहावे. ही सहपरिवर्तनाची रीत. विद्यार्थिदशेत या रीती परीक्षेपुरत्या पाठ केल्या जातात. आम्हांला त्यांचा व्यवहारातील उपयोग ब्रेकच्या पेडलने दाखवला.

वहीत प्रत्येक प्रसंगाच्या सहा गोष्टी लिहायच्या असे ठरले: वेळ, हवेतील गारवा, गाडी किती तास उभी होती, किती किलोमीटर चालली, पेडल हळू दाबले की जोरात, आणि रस्ता उताराचा की सपाट. गाडी फक्त अंगणात व त्यापुढच्या मोकळ्या सपाट वाटेवर, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून चालवायची. ब्रेक नीट लागला तरीही नोंद करायची. ही शेवटची अट फार महत्त्वाची. दोष दिसला तेव्हाच लिहिले, तर दोष नसताना परिस्थिती कशी होती हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत अकरा प्रसंग वहीत आले. पहिले दोन चालकाने आठवून लिहिले होते, बाकीचे ताजे. नऊ प्रसंग सकाळी आठच्या आत घडलेले. उरलेले दोन रात्री दहानंतरचे. त्यातला एक नाताळच्या रात्री, मिस्सेच्या गर्दीसाठी जागा करायला गाडी बाजूला घेताना. दुपारी एकही नाही. उतारावर एकही नाही. आणि अकराही वेळा पेडल हळुवार दाबलेले होते. जोरात दाबल्यावर ब्रेक गेला असे एकदाही घडले नव्हते. घाटाचा आणि उष्णतेचा तर्क वहीनेच खोडून काढला. हा दोष थंडीचा होता.

आता गॅरेजचे कोडेही सुटले. गाडी तेथे पोहोचेपर्यंत इंजिन तापलेले, त्याच्या शेजारचा मास्टर सिलिंडर ऊबदार झालेला, वेळ दुपारची, आणि मिस्त्री ब्रेक तपासतात तो जोरात दाबून. म्हणजे ज्या तीन परिस्थितींत दोष कधीच दिसत नाही, त्या तिन्ही तेथे एकत्र येत. मिस्त्रींचे कसब कमी नव्हते आणि त्यांचा शब्दही खोटा नव्हता. त्यांनी पाहिली ती गाडी खरोखरच चांगली होती.

प्रजासत्ताक दिनाच्या सायंकाळी आमच्या विनंतीवरून ते मुक्कामालाच आले. गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली. पहाटे सहा वाजता, धुके असतानाच, कामाला सुरुवात झाली. चाकांना दगडांचे अडण लावले. दर वेळी दाब सारखा राहावा म्हणून चालकाने युक्ती काढली: दहा किलो तांदळाची पिशवी पेडलवर टेकवायची. आमचा जिल्हा धानाचा. वजनाला तांदूळच हाती यावा हे साहजिक. बाजूला फूटपट्टी उभी केली. इंजिन सुरू करून पिशवी ठेवताच पेडल जमिनीपासून नऊ सेंटिमीटरवर थांबले, आणि मग आमच्या सर्वांच्या डोळ्यांदेखत खाली उतरू लागले. चाळीस सेकंदांत ते तीन सेंटिमीटरवर आले. मिस्त्री वाकून पाहत होते. ते चालकाकडे वळून म्हणाले, “पोरा, तुझा पाय खरा होता.”

यानंतरचे काम त्यांचे होते आणि ते त्यांनी पद्धतशीर केले. इंजिन बंद करून, पेडल अनेकदा दाबून बूस्टरमधील व्हॅक्यूम संपवला आणि अधिक वजन ठेवले; पेडल तरीही उतरले, म्हणजे बूस्टर निर्दोष. मग चाकांकडे जाणाऱ्या तिन्ही रबरी होज कापड गुंडाळून शिकंजांनी आवळल्या, जेणेकरून चाकांचा संबंधच तुटावा. पेडल पूर्वीच्याच गतीने उतरले. चाकांकडचा दोष असता, तर ते जागेवर थांबले असते. भांड्यातील पातळी कायम, लोखंडी नळ्या कोरड्या, बूस्टरच्या तोंडाशीही ओल नाही. उरला एकटा मास्टर सिलिंडर. खात्रीसाठी इंजिन अर्धा तास चालू ठेवून पुन्हा पिशवी ठेवली. पेडल उतरण्यास आता चाळीस सेकंदांऐवजी तीन मिनिटे लागली. दहाच्या सुमारास, ऊन चढल्यावर, ते जागचे हललेच नाही. तोच तांदूळ, तीच गाडी, तेच अंगण. बदलली होती ती केवळ ऊब. मिलच्या दोन्ही उरलेल्या रीती एका सकाळीत हजर झाल्या.

सिलिंडर उघडल्यावर कारण डोळ्यांना दिसले. ऑइल चहासारखे काळपट झालेले. त्याने शोषलेल्या ओलाव्यामुळे नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर, जेथे कपाची कड टेकते नेमके तेथे, गंजाचे बारीक खड्डे पडलेले. रबरी कपाची कड वर्षांनुवर्षांच्या वापराने कडक व ओरखडलेली. रबर ऊबदार असले म्हणजे मऊ होऊन भिंतीला चिकटते. गारठ्यात ते ताठ राहते. पेडल जोरात दाबले की ऑइलचाच दाब कपाची कड पसरवून भिंतीवर घट्ट बसवतो. हळू दाबले की तेवढा दाब मिळत नाही आणि ऑइल फटीतून मागे भांड्यात परतते. दुसऱ्या कप्प्यात थोडा जोर शिल्लक असे, म्हणूनच प्रत्येक वेळी गाडी अखेर थांबत होती. तो कप्पाही थकला असता, तर रेल्वे फाटकावरची गोष्ट वेगळी घडली असती.

मिस्त्रींनी सांगितले की नुसते रबरी किट टाकणे स्वस्त पडेल, पण भिंतीला खड्डे असल्याने नवे रबरही काही महिन्यांत फाटेल. नवा सिलिंडर नागपूरहून मागवला. सारे जुने ऑइल काढून नवे भरले, आणि हवा काढताना सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. त्यानंतर सलग आठ पहाटे आम्ही तांदळाची पिशवी पेडलवर ठेवली. पाच-पाच मिनिटे पेडल नऊ सेंटिमीटरवरून हलले नाही. तेव्हा कोठे वहीत ‘गाडी वापरण्यास योग्य’ असे लिहून त्याखाली तिघांनी सह्या केल्या: मिस्त्री, चालक आणि आम्ही. पुढच्या बैठकीत ती वही सर्वांच्या हाती फिरली. कोणी कोणाला काही बोलले नाही. मात्र चालक बदलण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. सुनेची शेवटची तपासणी याच गाडीतून झाली, आणि माघ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती आजी आपल्या दोन सोबतिणींसह धनेगावला उतरली. तेथून गुहेपर्यंतची चढण तिने नातवाचा हात धरून पार केली.

दोष दिसत नाही म्हणून सांगणाऱ्यावर संशय, हा प्रकार आमच्या खेड्यापुरता नाही. २०१० सालच्या आरंभी जपान व अमेरिकेतील अनेक प्रियस चालकांनी तक्रार केली की खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटतो. कंपनीच्या प्रतिनिधींनी आरंभी हा प्रश्न चालकाला ब्रेक कसा जाणवतो त्याचा आहे, असे म्हटले. पण त्याच फेब्रुवारीत टोयोटाने जगभरातील ४ लाखांहून अधिक हायब्रिड गाड्या चाके जाम न होऊ देणाऱ्या ब्रेकयंत्रणेचे संगणकीय नियंत्रण सुधारण्यासाठी परत बोलावल्या. कोठे जपान, कोठे सालेकसा. पण गाडीशी ज्याचा पाय रोज बोलतो, त्याला काहीतरी ठाऊक असते, हे दोन्हीकडे खरे ठरले.

आमच्या मुलखातील जुन्या माणसांना हे नवे वाटणार नाही. एकांतरा ताप त्यांनी पुष्कळ पाहिला आहे. एक दिवस माणूस थंडीने थडथडतो, दुसऱ्या दिवशी शेतावर जातो, तिसऱ्या दिवशी पुन्हा आडवा होतो. चांगल्या दिवशी त्याला पाहणारा म्हणेल की हा सोंग करतो. हिवतापाचे जंतू फ्रेंच डॉक्टर लाव्हरां याने १८८० साली रुग्णाच्या रक्तात पाहिले आणि रोनाल्ड रॉस याने १८९७ साली सिकंदराबादेत ते डासाच्या शरीरात शोधले. तेव्हा कळले की तापाला सुट्टी असली तरी रोगाला नसते. घराघरांतही अशी दुखणी असतात. एखादी सून सांगते की नवरा एरवी भला आहे, पण कधी कधी त्याचा तोल जातो. एखादे मूल सांगते की शाळेत मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येते. पाहुण्यांसमोर, डॉक्टरांसमोर, धर्मगुरूंसमोर सारे ठीक असते. अशा वेळी ‘आम्हांला तर काही दिसले नाही’ हे वाक्य खरे असले तरी ते उत्तर नव्हे. तो दोष कधी दिसतो, हे विचारणे उचित, आणि त्या वेळी तेथे हजर राहणे त्याहून उचित.

शेवटी, ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा सतत ओढून घेते, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. पातळी भरलेली आहे म्हणजे ऑइल चांगले आहे असे नव्हे. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी इंजिन सुरू करून पेडल हलक्या पायाने एक मिनिट दाबून धरावे. ते खाली उतरत गेले, तर गाडी तेथेच ठेवावी. उतारावर ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरावे, म्हणजे ब्रेकवरचा भार इंजिन वाहते. आणि चालत्या गाडीत पेडल खाली गेलेच, तर घाबरून पाय काढू नये. भराभर दाबत राहावे, गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक एकदम न ओढता क्रमाक्रमाने ओढावा. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना चाके जाम न होऊ देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे; पण तीही ऑइलच्या दाबावरच चालते, आणि दाब अखेर एका रबरी कपाच्या कडेवर अवलंबून असतो.

तो कप दोन रुपयांच्या नाण्याहून फारसा मोठा नसतो. आमच्या गाडीतील जुना कप चालकाने वहीच्या मुखपृष्ठाला दोऱ्याने बांधून ठेवला आहे. नवी नोंद करण्यासाठी वही उघडणाऱ्याचे बोट आधी त्यावर पडते.